पूर्ण नाव सांगा

माझे वडील ऑफिसचा फोन उचलला की आधी म्हणायचे, “पूर्ण नाव सांगा.” नमस्कार त्यानंतर. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये एका मेडिकलच्या शेजारी त्यांचा छोटा गाळा आहे. वर पाटी आहे, ‘हरिश्चंद्र घरत, फ्लॅट व दुकाने भाड्याने मिळतील’. तीस वर्षं ते हेच काम करतायत. आता चौसष्टीला आले. मी त्यांची मुलगी सलोनी. जे सांगणार आहे त्यात त्यांच्याइतकीच माझीही मान खाली जाते, हे आधीच सांगून टाकते.

बाबा मूळचे भाईंदरजवळच्या मुर्ध्याचे. आजोबा मिठागरावर कामाला होते आणि मिठाच्या पाण्यात उभं राहून त्यांच्या टाचा कायमच्या चिरल्या होत्या. बाबांनी बारावीपर्यंत शिकून मिठागराच्याच ऑफिसात हजेरी लिहायचं काम धरलं. आई, सत्यवती, उत्तनच्या कोळ्यांची. लग्न झालं तेव्हा मुर्ध्याच्या घरात तीन भाऊ, त्यांच्या बायका, आणि एकच मोरी. म्हणून दोघांनी भाईंदर पश्चिमेला एक खोली भाड्याने घेतली. मालकांची अट होती, घरात मच्छी शिजणार नाही. बाबांनी शब्द दिला. माशांशिवाय जेवण म्हणजे काय हे माहीत नसलेली माझी आई अकरा महिने डाळभातावर राहिली. तरी मालकीणबाई दुपारी काहीतरी निमित्त काढून यायच्या, कधी कढीपत्ता, कधी काडेपेटी, आणि शेगडीजवळ उभं राहून एक लांब श्वास घ्यायच्या.

मग माझ्या वेळी आईला दिवस गेले. माझी आजी सरूबाई लेकीला भेटायला आली, ती सुके बोंबील घेऊनच. पिशवी तिने उघडलीसुद्धा नव्हती. मालकीणबाईंनी दारातच आईचा हात धरला आणि नाकाशी नेऊन हुंगला. त्याच आठवड्यात खोली खाली करावी लागली, आणि माझा जन्म मुर्ध्याच्या त्याच गर्दीच्या घरात झाला.

आई ही गोष्ट हसत सांगायची. बाबांच्या तोंडून मी ती कधी ऐकली नाही. पुढे मिठागराचं काम बसत चाललं, मीरा रोडला इमारतींमागून इमारती उठू लागल्या, तेव्हा बाबांनी एजंटचा धंदा धरला. एकदाच, मी कॉलेजात असताना, ते म्हणाले होते, “चावी आपल्या हातात असली की कुणी आपल्या हाताचा वास घेत नाही.”

बाबा वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नवीन लग्न झालेलं जोडपं आलं की घर दाखवायच्या आधी ते स्वतः जाऊन नळ, गळती, संडासाचा फ्लश बघून येत. रत्नागिरीकडची एक विधवा बाई दोन मुलींना घेऊन आली, तर तिच्या मुलींच्या शाळेच्या ॲडमिशनला बाबा तिच्याबरोबर दोन दिवस रांगेत उभे राहिले. तिच्या गॅसचं सिलिंडर त्यांनीच चार जिने चढवलं. सिल्व्हर पार्कच्या रस्त्यावरून त्यांच्याबरोबर चाललं की दर दहा पावलांवर कुणीतरी “हरीभाऊ” म्हणून थांबवायचं.

आणि तरीही ते नाव विचारायचे. नावावरून त्यांना कळायचं, कुणाला कुठली इमारत दाखवायची आणि कुणाला कुठलीच नाही. मुसलमान नाव ऐकलं की ते अगदी आपुलकीनं म्हणत, “तुम्ही नयानगरला बघा ना, तुमच्या लोकांत बरं पडेल.” मी सातवी-आठवीत असताना शाळा सुटल्यावर त्यांच्या ऑफिसात अभ्यासाला बसायचे. माझं अक्षर चांगलं, म्हणून रजिस्टर मी लिहायचे. फ्लॅटचा नंबर, मालकाचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात अट. ‘शा’ म्हणजे शाकाहारीच. ‘फॅ’ म्हणजे फक्त फॅमिली, एकटी मुलं-मुली नाहीत. काही फ्लॅटपुढे नुसती फुली. मी विचारलं, फुली म्हणजे काय. बाबा म्हणाले, “ते मला कळतं. तू काढ.” मी पट्टी लावून सुबक फुल्या काढल्या.

फुलीवाल्या माणसाला सांगायचं वाक्य ठरलेलं होतं, “फ्लॅट आत्ताच गेला.” ते सांगताना बाबा समोर पाण्याचा ग्लास ठेवायचे. कुणाला तोडून बोलायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

लग्नानंतर माझं आडनाव तांडेल झालं. मीरा रोडच्याच एका शाळेत मराठी शिकवते. जानेवारीत आमच्याकडे खेळाच्या नवीन टीचर आल्या, गिरिजा सिद्दी. उंच, सडपातळ, अडथळ्यांच्या शर्यतीत राज्यपातळीवर पळालेली. रंग गडद काळा, केस बारीक कुरळे, घट्ट बांधलेले. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी इंग्रजीत तिला विचारलं, कुठल्या देशाच्या तुम्ही. ती मराठीत म्हणाली, “हल्याळची.” मग हसून समजावलं, “कर्नाटकात, धारवाडच्या अलीकडं. जंगलाचा भाग आहे. आमचे लोक फार पूर्वी आफ्रिकेतून आणले, गुलाम म्हणून. मग जंगलात पळाले नि तिथंच राहिले. माझ्या पणजीनंसुद्धा समुद्र पाहिला नव्हता, हो.”

तिचं टेबल माझ्या शेजारी. ती काशिमीऱ्याला पेइंग गेस्ट म्हणून राहत होती. नवरा मोहन तिथल्याच एका हॉटेलात स्वयंपाकी, तो हॉटेलच्या लोकांबरोबर राहायचा. तिची आई आणि सहा वर्षांची मुलगी गावी होत्या, त्यांना एप्रिलमध्ये आणायचं होतं, म्हणून तिला घर हवं होतं. मधल्या सुट्टीत ती फोनवर घरं बघत बसायची. कधी विचारायची, “सलोनी टीचर, तुमच्या ओळखीत कुणी एजंट आहे काय?”

मी म्हणायचे, “विचारते.”

मी कुणालाच विचारलं नाही. माझ्या वडिलांचं ऑफिस शाळेपासून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं आणि तिथं काय होईल हे मला चांगलं ठाऊक होतं. मी स्वतःला समजावलं, तिचा अपमान टळावा म्हणून मी गप्प आहे. खरं म्हणजे मला माझा अपमान टाळायचा होता.

मार्चमध्ये तिला बाबांचा नंबर स्वतःच सापडला, पाटीवरून. पुढचं मला आधी हेमालीने सांगितलं आणि नंतर बाबांनीही, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता. हेमाली दोशी आमच्याकडे सायन्स शिकवते.

गिरिजाने शाळा सुटल्यावर फोन केला. बाबांनी नाव विचारलं. ती म्हणाली, “गिरिजा एम. एस.” अनुभवाने तिला माहीत होतं, आडनाव सांगितलं की लोक मुसलमान समजतात. तिची बोली ऐकून बाबा खूश झाले. “कारवारकडच्या का तुम्ही?”

“त्याच बाजूच्या.”

“मासे खाता ना?”

“खातो की.”

“मग झालं तर. तिसऱ्या मजल्यावर आहे, ३०४ नंबर, हवेशीर. लगेच या, चावी माझ्याकडेच आहे.”

वीस मिनिटांत ती पोहोचली. हेमाली तिच्याबरोबर होती, पण गिरिजाने तिला बाहेर मेडिकलपाशीच थांबायला सांगितलं. हे तिचं सातवं ऑफिस होतं. बाबांनी चावी टेबलावर काढून ठेवली होती. त्यांनी वर बघितलं, आणि त्यांचा हात चावीवर गेला. चावी ड्रॉवरमध्ये गेली.

“बोलो मॅडम, क्या चाहिए?”

“मी गिरिजा. आत्ता फोन केला होता.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या केसांकडे. पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. “मॅडम, फ्लॅट आत्ताच गेला. तुम्ही यायच्या पाच मिनिटं आधी टोकन देऊन गेले. पाणी घ्या ना.”

ती पाणी प्यायली, ग्लास खाली ठेवला आणि बाहेर आली. हेमालीने तिथंच, मेडिकलच्या पायरीवर उभं राहून, आपल्या फोनवरून बाबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“पूर्ण नाव सांगा.”

“हेमाली दोशी. वन बीएचके पायजे होता. आहे का?”

“आहे ना. तिसरा मजला, ३०४. या, चावी माझ्याकडेच आहे.”

हे वाक्य संपायच्या आत गिरिजा हातात हेमालीचा फोन घेऊन परत आत शिरली. हेमाली म्हणाली, बाबांचा आवाज त्यांच्या तोंडून आणि फोनमधून एकाच वेळी येत होता, आणि मग दोन्हीकडून बंद झाला.

“सर,” गिरिजा म्हणाली, “टोकन परत नेलं काय त्यांनी?”

बाबा उभे राहिले. “मॅडम, माझ्या हातात काही नाही. मालक नायजेरियन लोकांना देत नाहीत. मला दोष देऊ नका.”

तिने पर्समधून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. बाबांनी ते उचललं नाही. मग तिने ते उचलून पर्समध्ये टाकलं आणि दोघी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, हेमालीने हे सगळं स्टाफरूममध्ये उभं राहून सांगितलं. बाबांचा आवाज तिने हुबेहूब काढला, ‘पाणी घ्या ना’ तर अगदी तसंच. काही जण हसले, काही जण संतापले. गिरिजा खेळाच्या सामानाची यादी करत होती. तिने मान वर केली नाही.

“घरत म्हणून कुणी म्हातारा आहे,” हेमाली म्हणाली. “सलोनी, तू त्या एरियातलीच ना? ओळखतेस का?”

मी म्हटलं, “नाव ऐकलंय.”

त्यानंतर मी पाचवीच्या वर्गावर गेले आणि सर्वनामं शिकवली. कशी शिकवली ते मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी मी आईबाबांच्या घरी गेले. बाबा टीव्हीसमोर मटार सोलत होते, आई किचनच्या दारात पाटावर बसून करंदी साफ करत होती. मी बसलेही नाही. म्हटलं, “बाबा, काल तुमच्याकडे आली होती ना, ती आमच्या शाळेतली टीचर आहे.”

बाबांचे हात थांबले. “कोण, ती निग्रो बाई?”

“गिरिजा सिद्दी. ती कर्नाटकातली आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते.”

“मला काय माहीत?” बाबा म्हणाले. “मला वाटलं नायजेरियन. आणि हे बघ सलोनी, मी मधला माणूस आहे. घर मालकाचं, सोसायटी लोकांची. मालकच नाही म्हणतो तिथं मी काय करणार? उद्या त्यांनी माझ्याकडे फ्लॅट देणं बंद केलं तर?”

“तुम्ही खोटं बोललात.”

“धंद्यात बोलावं लागतं. शिवी तर नाही ना दिली? पाणी विचारलं मी तिला.”

आई एवढा वेळ खाली बघून करंदीची डोकी मोडत होती. ती तशीच खाली बघत म्हणाली, “मंग तिचा हात का न्हाय हुंगलाव?”

आईने सुपातली करंदी चाळणीत ओतली आणि आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बाबांनी मटारचं ताट बाजूला ठेवलं, टीव्ही बंद केला आणि शेवटी मला म्हणाले, “उद्या सकाळी ऑफिसला ये. तुला दाखवतो मी. मालकाची अट काय आहे ते तुझ्या कानांनी ऐक.”

रविवारी सकाळी मी गेले. बाबांनी शटर अर्धंच वर घेतलं होतं. त्यांनी रजिस्टर काढून ३०४ ची नोंद शोधली. मालक परेशभाई, कपड्यांचे व्यापारी, भाईंदरला राहणारे. शेवटचा रकाना रिकामा होता. बाबा म्हणाले, “लिहायचं राहिलं असेल,” आणि त्यांनी परेशभाईंना फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

“परेशभाई, एक विचारायचं होतं. आपल्या ३०४ ला एक टीचर आलीय. सिद्दी आहेत, म्हणजे आफ्रिकन टाइप दिसते. तुम्ही तसल्यांना देत नाही ना?”

मग परेशभाई म्हणाले, “हरीभाऊ, मैंने कब बोला? मला चांगली फॅमिली पायजे, बस. टीचर छे तो सारुं छे.”

“नाही, मागे तुम्ही म्हणाला होता…”

“मी नाय बोललो. तुम्हीच बोलले होते. चावी दिली तेव्हा तुम्हीच बोलले, काला लोग को मैं दरवाजे से ही वापस भेजता हूँ, तुम टेन्शन मत लो. मी बोललो, ठीक छे.” ते हसले. “द्या ना तिला. एमां शूं? काय बिघडतं?”

बाबांनी फोन खाली ठेवला. मला वाटलं होतं, मी जिंकल्यासारखं वाटेल. तसं काहीच वाटलं नाही. बाबा रजिस्टरची पानं मागे उलटत होते. मग उठून त्यांनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली, धूळ झटकली आणि एकेक उघडून शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवत राहिले. एका ठिकाणी माझं अक्षर आलं. सुबक, पट्टी लावून काढलेल्या फुल्या. एका पानावर अकरा फ्लॅट, त्यात सात फुल्या.

“यातल्या किती मालकांनी सांगितल्या,” बाबा म्हणाले, “आणि किती मीच घातल्या, आठवत नाही गं. खरंच आठवत नाही.”

मी सांगू शकले असते, की मलाही पुन्हा विचारता आलं असतं, तेरा वर्षांची का होईना. तेही मी बोलले नाही. बाहेर कुणीतरी वाकून आत बघत “हरीभाऊ हायेत का?” म्हणून विचारलं. बाबांनी ओ दिली नाही.

सोमवारी शाळा सुटायच्या वेळी मी पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यातून बाबांना पाहिलं. गेटबाहेर, इस्त्रीचा शर्ट घालून, रिक्षा आणि स्कूलबसच्या गर्दीत एका बाजूला उभे. त्यांनी मला येणार असल्याचं सांगितलं नव्हतं. मी खाली गेले, पण त्यांच्याजवळ गेले नाही. तीन नंबरच्या बसपाशी मुलांना चढवण्याच्या निमित्ताने उभी राहिले. तिथून ऐकू येत होतं.

गिरिजा बाहेर आली तसे बाबा पुढे झाले. “मॅडम, मी घरत. त्या दिवशी माझी चूक झाली. मला वाटलं तुम्ही नायजेरियन आहात. तुम्ही तर आपल्याच निघालात, मराठी बोलता…”

“आणि मी तिथली असते तर?” गिरिजाने विचारलं.

ती आवाज न चढवता म्हणाली, “मी दिवसभर सगळ्यांना सांगत फिरते, सर, की मी इथलीच हाय म्हणून. आधार कार्ड दाखवते. ते तिकडचे लोक काय दाखवणार?”

ओढूनताणून काही बोलायचा प्रयत्न बाबांनी केला नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन. खिशातून चावी काढून त्यांनी तळहातावर धरली. “फ्लॅट रिकामा आहे. मालकांची काही हरकत नाही. त्यांची आधीही नव्हती. माझीच होती.”

गिरिजा चावीकडे बघत होती. मुलं त्यांच्या दोघांच्या मधून पळत होती.

“बघते मी घर,” ती म्हणाली. “मला लागतंय. पंधरा एप्रिलला माझी आई नि मुलगी येणार. पण मी माफ केलं असं काही समजू नका.”

“नाही समजणार,” बाबा म्हणाले.

घर तिला पसंत पडलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आढेवेढे घेतले, ‘लोक विचारतील’ म्हणाले. बाबा त्यांच्या हॉलमध्ये दीड तास बसून राहिले आणि होकार घेऊनच उठले. करार नोंदवायच्या दिवशी दोन साक्षीदार लागतात. एक परेशभाईंचा मुनीम होता, दुसरा माणूस आलाच नाही. बाबांनी मला फोन केला, “जरा अंगठा द्यायला ये, पाच मिनिटांचं काम आहे.” कुणाचा करार, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नंतर बाबा म्हणाले, मुद्दामच सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तू आली नसतीस. ते खरं होतं.

नोंदणीच्या ऑफिसात शिरले तर गिरिजा आणि मोहन खुर्च्यांवर बसलेले. बाबा म्हणाले, “मॅडम, ही माझी मुलगी, सलोनी.”

गिरिजाने माझ्याकडे पाहिलं. “टीचरना मी ओळखते,” ती म्हणाली.

ऑपरेटरने माझा अंगठा मशीनवर ठेवायला लावला. दोनदा घेतला नाही. “मॅडम, घाम पुसा जरा,” तो म्हणाला. तिसऱ्या वेळी घेतला.

बाहेर जिन्यात मी तिच्या मागोमाग गेले. काहीतरी बोलायचं होतं, पण तीच थांबली.

“जानेवारीपासून तुमच्या शेजारी बसून मी घर शोधत होते.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं, ते देणार नाहीत म्हणून.”

“हो.”

“मग तसं सांगायचं की,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “माझी एक फेरी वाचली असती.”

ती जिना उतरून गेली. मी माफी मागितली नाही. मागायची होती, पण त्या वाक्यानंतर माफीसुद्धा तिच्यावर टाकलेलं आणखी एक काम झालं असतं असं वाटलं. किंवा ही पण माझी सोयच असेल.

बाबांनी फोनवर नाव विचारणं सोडलं. सहज सुटलं नाही. कित्येकदा “पूर्ण…” म्हणून ते अडखळतात आणि मग विचारतात, “कधीपासून हवंय घर?” मालकांच्या अटी ते आता त्यांच्याच अक्षरात लिहून मागतात. बहुतेक जण लिहून देत नाहीत, दुसऱ्या एजंटकडे जातात. बाबांच्या ऑफिसात आता पूर्वीसारखी गर्दी नसते.

ऑगस्टमध्ये टांझानियाची दोन मुलं त्यांच्याकडे आली, कॉलेजात शिकणारी. बाबा स्वतः त्यांना घेऊन चार इमारतींत फिरले. घरी आले तेव्हा मी तिथंच होते. चपला न काढता ते सोफ्यावर बसले.

“चारही ठिकाणी फ्लॅट आत्ताच गेला होता,” ते म्हणाले. “आणि पाणी पण देतात गं. चार ठिकाणी पाणी प्यायलो मी त्या पोरांबरोबर.”

आईने विचारलं, “मंग त्या पोरांचा काय झाला?”

“गेली वसईकडे. माझे आभार मानून गेली.” बाबांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. “आभार कशाचे मानतात माझे.”

आईने त्यांच्या चपला काढल्या आणि दाराशी नेऊन ठेवल्या. ती असं कधी करत नाही.

गिरिजा ३०४ मध्ये राहते. तिची मुलगी आमच्याच शाळेत पहिलीत आहे. शाळेत ती मला गुड मॉर्निंग म्हणते, कामाचं बोलते, परीक्षेच्या सुपरव्हिजनच्या पाळ्या बदलून देते. टेबल मात्र तिने जूनमध्येच बदलून घेतलं, खिडकीकडचं. बाबा रस्त्यात दिसले तर ती मान हलवते आणि पुढे जाते. बाबा म्हणतात, तेवढं पुष्कळ आहे.

राहिली हेमाली. तिच्या विचारण्यावर मी ‘नाव ऐकलंय’ म्हणाले होते, ते तसंच पडून होतं. मी रोज ठरवायचे आणि रोज कुठलं ना कुठलं कारण निघायचं, वह्या, वार्षिक निरीक्षण, मुलीचा ताप. सप्टेंबरच्या एका दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. ती डबा उघडत होती. मी म्हटलं, “हेमाली, तो घरत एजंट आहे ना, ते माझे वडील.”

तिने थेपल्याचा तुकडा मोडला.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “गिरिजाने एप्रिलमध्येच सांगितलं मला. आम्ही म्हटलं, बघू, तू स्वतः कधी सांगतेस.”

सहा महिने झाले होते. त्या सहा महिन्यांत मी तिच्याबरोबर जेवले होते, सहलीला गेले होते, तिच्या भावाच्या साखरपुड्यात फोटो काढले होते. हेमालीने डबा माझ्याकडे सरकवला नाही, आपल्याकडे ओढलाही नाही. ती जेवत राहिली. घंटा झाली तेव्हा मी वह्यांचा गठ्ठा उचलला आणि वर्गावर गेले.